लक्षद्वीपचा पाहुणा आणि बेटावरचा गल्ला

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याची छायाचित्रे झळकली आणि पर्यटकांचा ओढा लक्षद्वीपकडे वळला. त्याच वर्षी ६ मार्चला मिनिकॉय बेटावर नौदलाचा ‘जटायू’ तळ सुरू झाला. सगळी बेटे मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्ती २०११ च्या जनगणनेत ६४,४७३. एवढ्याशा जागेत पाहुणाही मावायचा आणि पलटणही! जुलै २०२५ मध्ये तर बित्रा हे चिमुकले बेट संरक्षणासाठी घेण्याची हालचाल प्रशासनाने सुरू केली.

सीमेच्या रक्षणाबद्दल आमचे दुमत नाही. प्रश्न रोजीचा आहे. बेटावरचा माणूस मासे सुकवतो, काथ्या वळतो, नारळाचा गूळ करतो. सुहेली आणि कदमत बेटांवर ताजची हॉटेले जाहीर झाली ती २०२३ मध्ये; तिथल्या जेवणाच्या टेबलावर हा गूळ पोचणार आहे का?

जळगाव-धुळ्याच्या व्यापारी बांधवांना हे नवे नाही. अजिंठ्याचा पाहुणा जळगाव स्टेशनावर उतरतो, गाडी करतो, लेणी पाहून पुढे जातो. आमच्या कारागिराच्या हाती फारसे काही पडत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, हॉटेलांना परवाने देतानाच बेटावरचा माल घेण्याची अट घाला. इमारती उभ्या राहिल्यावर मालक ऐकत नसतो.