आधी कागद दाखवा!

हाताने शुभेच्छापत्रं करणाऱ्या मंडळींबद्दल मला आदर आहे. आदर कमी पडला तर भीती आहेच, कारण त्यातले दोन कलावंत आमच्याच घरात राहतात. दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर कात्री, डिंक, टिकल्या आणि लेस यांचं राज्य असतं आणि मला ताट मांडीवर घेऊन जेवावं लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदाबद्दल. ही सगळी उस्तवार ज्याच्या जिवावर करायची, तो कागद ही मंडळी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बेफिकिरीने निवडतात. मांडव, वाजंत्री, जेवणाचा बेत सगळं ठरवावं आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नवरा शोधायला निघावं, तसला हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला यातलं काय कळतं? अहो, मी वीस वर्षं दुसरं केलंय काय? नोट बोटाला लागली की तिची जात कळते. चेक उजेडासमोर धरून त्यात ‘सीटीएस इंडिया’ हा वॉटरमार्क आहे की नाही, हे मी झोपेतही सांगेन. कागदाची पत पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. काउंटर शिकवतो.

या क्षेत्रातला पहिला गैरसमज म्हणजे ‘जाड तितकं भारी’. दुकानात जाऊन लोक बेधडक सांगतात, “जाडातला जाड द्या.” जणू कार्ड नव्हे, दाराला फळीच मारायची आहे. कागदाची जाडी अंदाजाने सांगतात, पण वजन सांगायला चोख माप आहे: जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे 16 कागद मिळून एक चौरस मीटर होतो. आता हिशेब करा. ऑफिसातला झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद 5 ग्रॅम भरतो. त्याचं कार्ड केलंत तर ते टेबलावर उभं न राहता लग्नातल्या थकलेल्या मामासारखं बसकण मारतं. 250 जीएसएमचं ए-फोर कार्ड भरतं साडेपंधरा ग्रॅमच्या वर. त्यात साध्या कागदाच्या पाकिटाचे 5 ग्रॅम मिळवा. पोस्टाचा 20 ग्रॅमचा पहिला टप्पा ओलांडला! अजून टिकल्या चिकटवायच्याच आहेत. 200 जीएसएम घेतलात तर पाकिटासकट साडेसतरा. कार्ड उभंही राहतं आणि टिकल्यांसाठी अडीच ग्रॅम शिल्लक उरतात. बॅलन्स असा जुळला पाहिजे.

दुसरा गैरसमज चकचकाटाचा. याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आमच्या शाखेतले हेड कॅशियर निवृत्त झाले. एका हौशी सहकाऱ्याने दोन रात्री जागून त्यांच्यासाठी कार्ड केलं: काळा आरशासारखा कागद, सोनेरी किनार, वर कागदाची कमळं. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मग ते सह्यांसाठी फिरू लागलं आणि बॉलपेन त्यावरून नवशिक्या स्केटिंगवाल्यासारखी घसरू लागली. जेलची शाई उमटली, पण वाळायला तयार होईना. मॅनेजरसाहेबांच्या शुभेच्छा अकाउंटंटच्या बाहीवर गेल्या. माझी स्वतःची सही अशी आली की मीच ती परत केली असती, ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून. शेवटी प्रिंटरमधून एक साधा पांढरा कागद काढला आणि त्यावर सगळ्यांनी लिहिलं. शिपाई तर दहा ओळी लिहीत बसला, कारण त्याच्या मुलीच्या शाळेच्या फीची अडचण साहेबांनी एकदा निभावून नेली होती आणि ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी मी साहेबांच्या घरी गेलो. तो साधा कागद त्यांनी चार घड्या घालून पासबुकाच्या कव्हरात ठेवला होता. कार्ड कुठे आहे ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मला वाईट वाटलं ते दोन रात्री जागणाऱ्याचं. त्याची कला कमी नव्हती. कागद नालायक होता.

तिसरा पक्ष भावनावाद्यांचा. आमच्या घरातला वरिष्ठ कलावंत त्याचा अध्यक्ष आहे. “अहो, भाव महत्त्वाचा. कागद कसला बघताय?” हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण भाव कागदावरच लिहिलेला असतो ना? पेशव्यांच्या कारकुनांनी असा विचार केला असता तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात आज धूळच उरली असती. त्या काळी जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही कागदाची नावाजलेली गावं. कागदाला खळ लावायची, मग दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. कशासाठी? शोभेसाठी नव्हे. बोरू अडू नये आणि शाई फुटू नये म्हणून. दोनशे वर्षांपूर्वीची मोडी अक्षरं आजही जाणकाराला वाचता येतात. आधी कागद, मग मजकूर, हा आपला जुना धर्म आहे.

आणि चांगला कागद शोधायला परदेशी जायला नको. पुण्यात शिवाजीनगरला 1940पासून हातकागद संस्था आहे. कापडाच्या चिंध्यांपासून, म्हणजे कापसापासून कागद. आपली नोटही कापसाच्याच कागदाची, म्हणून तर शर्टाबरोबर धुतली तरी जीव धरून राहते. मात्र हातकागद म्हटला की डोळे मिटून घ्या असं मी म्हणणार नाही. काहींत झेंडूच्या पाकळ्या इतक्या असतात की ‘चि.’ कुठे संपला आणि फूल कुठे सुरू झालं ते कळत नाही.

तेव्हा दुकानात जाताना खिशात पेन ठेवा, ज्याने लिहिणार तेच. कोपऱ्यावर एक ओळ लिहा, दहा मिनिटं थांबा आणि अंगठा फिरवा. अंगठा स्वच्छ तर कागद पास. मग तो हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. गिरणीतल्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने असतात. तो ज्या बाजूने निमूटपणे वाकतो, तीच घडीची बाजू. उलट घडी घातलीत तर जाड कागद भेगाळतो. घडीआधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने एक रेघ ओढा. संपलेल्या रिफिलींचा तुटवडा असेल तर कुठल्याही बँकेत या, काउंटरवर दोरीला बांधलेल्याच असतात.

दुकानदार वैतागेल. “साहेब, एका कागदासाठी एवढं?” म्हणेल. वैतागू द्या. एखाद्या माणसाला आपल्याबद्दल काय वाटतं, हे त्याच्या हस्ताक्षरात आता वर्षातून फार तर एकदा वाचायला मिळतं. ते तरी बाहीवर जाऊ नये, एवढीच माझी मागणी आहे. टिकल्या वाटेल तितक्या लावा. मी ताट मांडीवर घेऊन जेवीन.