भाड्याच्या घराचीही प्रतिष्ठा

कुकडीच्या खोऱ्यात, पुणे-नाशिक रस्त्यालगत वसलेल्या पिंपळवंडीसारख्या गावात घर म्हणजे वडिलोपार्जित मिळकत, आणि ज्याला स्वतःचे घर नाही तो निराधार, असा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ज्या कुटुंबांचे नाव ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत मालक म्हणून दाखल असते, त्यांच्याच घरची कर्ती माणसे उमेदीची सारी वर्षे मुंबई-पुण्यात दुसऱ्याच्या छपराखाली काढत आली आहेत. या दोन्ही तालुक्यांत आगगाडी नाही आणि पहाटे निघून रात्री परतावे इतकी मुंबई जवळ नाही. त्यामुळे शहरातील चाकरी पत्करली की तेथील भाड्याची खोली ओघानेच पत्करावी लागते. असे असताना आपल्या कायद्यात, शासनाच्या गृहनियोजनात आणि आपल्या स्वतःच्या मनातही भाडेकरूला जे दुय्यम स्थान मिळाले आहे ते अन्याय्य आहे, आणि शहराच्या मध्यवस्तीत रास्त भाड्याची घरे उपलब्ध ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कर्तव्य परकीय राजवटीलादेखील एकेकाळी मान्य करावे लागले होते. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्त्यांत हाहाकार उडवला, तेव्हा १८९८ साली नगर सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने जुन्या वस्त्या मोडून चाळी उभारल्या; पुढे १९२० साली निर्माण झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या, त्यांत सुमारे साडेसोळा हजार खोल्या होत्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक, हवा-उजेडाची तजवीज तुटपुंजी. तेथील राहणीचे गोडवे गाण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. तथापि या इमारती भाड्याने देण्यासाठी बांधल्या गेल्या आणि श्रमिकाच्या कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर बांधल्या गेल्या, या दोन गोष्टींत जे शहाणपण होते ते आपण पुढे गमावून बसलो.

घाटावरून आणि कोकणातून आलेली माणसे गिरणगावात एकाच खोलीत दाटीने राहात. एक पाळी कामावर असताना दुसरी पाळी त्याच जागेत पाठ टेके. त्यांच्या जेवणाची व्यवस्था खाणावळ चालवणाऱ्या बायकांनी सांभाळली, आणि त्याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. मुंबईचे डबेवाले हे तर बहुतांशी आपल्याच भागातील, म्हणजे खेड, जुन्नर, आंबेगाव आणि मावळ या तालुक्यांतील. लक्षावधी लोकांना वेळेवर अन्न पोचवणाऱ्या या माणसांना त्याच शहरात पाठ टेकण्यापुरती जागा भाड्याने मिळाली, म्हणून ती सेवा उभी राहू शकली. शहराचे दैनंदिन जीवन अशा खोल्यांवर किती अवलंबून असते, याचा यापेक्षा सबळ पुरावा कोणता हवा?

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धकाळातील टंचाईचा फायदा घेऊन मालकांनी रयतेला नाडू नये, हा त्याचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. पण १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाणभूत मानून ते पुढे दशकानुदशके तेथेच गोठवल्यामुळे इमारतीच्या दुरुस्तीपुरतीही रक्कम वसूल होईनाशी झाली, पागडीचा व्यवहार बोकाळला, आणि पुण्याच्या पेठांतील वाडे व दक्षिण मुंबईतील चाळी जीर्ण होत गेल्या. त्यानंतर १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवानाधारक म्हणून (‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर) राहात असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा ‘एकदा जागा दिली की ती गेलीच’ हे भय मालकवर्गाच्या मनात कायमचे बसले. गोठवलेली भाडी अवाजवी असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात आला. पण दरम्यानच्या काळात भाड्यासाठी घरे बांधण्याची परंपराच लोप पावली होती. घर बांधायचे ते विकण्यासाठी, हीच रूढी होऊन बसली.

परिणामी आज पुण्याच्या सदाशिव किंवा नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी येणारी आमची मुले ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरत्या जागेचे भाडे भरून राहतात, आणि मुंबईत संसार थाटू पाहणाऱ्या तरुण जोडप्याला अनामत रक्कम उभी करण्यासाठी गावाकडील जमिनीकडे नजर वळवावी लागते. अकरा महिन्यांच्या भाडेकराराची मुदत संपत आली की नवे घर, मुलांची नवी शाळा आणि दलालाची नवी दलाली यांची विवंचना पुन्हा सुरू होते. जात, धर्म, आहार किंवा एकटी स्त्री असणे या कारणांवरून दार बंद केले जाते, हे तर सभ्य समाजाला अशोभनीय आहे.

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज सर्वत्र पसरलेला आहे, आणि महाराष्ट्रापुरता तो चुकीचा आहे. सन १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ अन्वये प्रत्येक भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी मालकावर आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दस्त नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलटपक्षी मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट भरपाईसह कब्जा मिळवण्याची सोय कलम २४ मध्ये आहे. म्हणजे नोंदलेला दस्त उभयपक्षी हिताचा आहे, आणि मालकांच्या जुन्या भयाला आता फारसा आधार उरलेला नाही.

ज्यांना परवडत नाही त्यांनी दूर उपनगरात राहावे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु पहाटे बाजार उघडणारा, रात्री रुग्णालयात पाळी करणारी, दुकानांत आणि कचेऱ्यांत राबणारे, या साऱ्यांनी शहराच्या सीमेवर राहून रोजचे चार तास प्रवासात घालवावेत, ही अपेक्षा शहराच्याही हिताची नाही. जागाच नाही, ही सबबही टिकणारी नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती.

म्हणून शासनाने तीन गोष्टी कराव्यात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेच्या अनामत रकमेवर दोन महिन्यांच्या भाड्याची जी मर्यादा सुचवली आहे, ती राज्याच्या अधिनियमात दाखल करावी. कलम ५५ ची अंमलबजावणी कसोशीने व्हावी. आणि मुंबईच्या जुन्या चाळी व पुण्याचे वाडे यांच्या पुनर्विकासातून जी अधिक घरे निघतात, त्यांतील निश्चित हिस्सा विक्रीस न काढता सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे म्हणून कायम राखावा. गावाकडील वडीलधाऱ्यांनीही मुलाचे घर स्वतःचे आहे की भाड्याचे, यावरून त्याची पत ठरवू नये, आणि मुलगा वा मुलगी शहरात खोली घेईल तेव्हा अनामत रक्कम हाती देण्यापूर्वी करारनाम्याची रीतसर नोंदणी झाली की नाही, एवढे अवश्य विचारावे.