पोटगी, ताबा आणि एक तासाची भेट

‘पोटगी’ या शब्दाइतका प्रामाणिक शब्द आमच्या कायद्याच्या मराठीत क्वचितच सापडेल. पोटासाठी जे द्यायचे ते. त्याच कागदावरचा ‘ताबा’ मात्र आम्हाला नेहमी खटकतो. ताबा घ्यावा तो जमिनीचा, गाळ्याचा. मुलाचा कसा घेणार? वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात हे दोन्ही शब्द शेजारी बसतात आणि लोकांच्या मनात त्यांचा सौदा होतो : पैसे थकले तर भेट नाही, भेट नाही तर पैसे नाहीत. वास्तविक मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने भेट नाकारली म्हणून तो बुडत नाही. उलट बाजूनेही, बाप थकला म्हणून मुलाने बापाला का मुकावे?

मन्नू भंडारी यांची ‘आपका बंटी’ (१९७१) साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेच. दुभंगलेल्या घरातले मूल इतक्या जवळून फार थोड्या लेखकांनी पाहिले आहे. परंतु तिथे आई प्राचार्या आहे, वडीलही सुस्थितीत. पोटाचा प्रश्न त्या घरात शिरतच नाही. घाटकोपरच्या वस्तीतला कंत्राटी कामगार विभक्त होतो, तेव्हा तो सर्वांत आधी शिरतो.

पोटगी थकवली तर दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १४४ मध्ये आली. कैद भोगली तरी देणे फिटत नाही. उत्पन्न लपवणाऱ्याला ही शिक्षा योग्यच, त्याच्याविषयी आम्हाला कणव नाही. पण ज्याची नोकरीच गेली, तो तुरुंगात बसून काय कमावणार? नागपूरहून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. लबाड आणि लाचार यांतला फरक त्यातून निदान कागदावर तरी दिसू लागतो. परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलून मागता येते (आता कलम १४६), हे मात्र आदेश हाती देतानाच सोप्या मराठीत कुणीतरी सांगायला हवे. नाहीतर शरमेने गप्प बसलेल्या बापाची थकबाकी वाढत जाते, आणि त्याच शरमेने तो मुलाला भेटणेही टाळू लागतो.

राहिला भेटीचा प्रश्न. बोरिवलीचा बाप आणि मुलुंडचे मूल यांनी भेटायचे वांद्र्याला, तेही न्यायालयाच्या आवारात. एका तासासाठी आईचा अर्धा रोज बुडतो आणि मुलाची शाळा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली आल्यापासून पूर्व-पश्चिम उपनगरे जवळ आली, तेव्हा शनिवारची भेट मुलाच्या उपनगरातल्या एखाद्या वाचनालयात, समुपदेशकाच्या देखरेखीखाली, ठेवायला काय हरकत आहे? तिथे पुस्तके असतात. दोन महिन्यांनी भेटलेल्या मुलाशी पहिली दहा मिनिटे काय बोलायचे, ही अडचण तेवढी हलकी होईल.