हुन्नर आहे, हत्यार कुठं आहे?



हल्ली जो उठतो तो आम्हांला एकच पाढा ऐकवतो. म्हणे, पोरांच्या अंगी हुन्नर नाही म्हणून काम नाही. तीन महिन्यांचा वर्ग करा, सर्टिफिकेट घ्या, धंदा टाका, मालक व्हा! आम्ही चौथीपर्यंत शिकलेले गिरणीतले लोक. मोठं गणित आम्हांला येत नाही. पण हा हिशेब कुठं चुकतो ते आम्ही घरातच पाहिलं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणगावात संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला. त्यातल्या हजारोंना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. त्यांच्या अंगी हुन्नर नव्हता काय? वीस-वीस वर्षं साचे चालवलेली माणसं ती! नुसता आवाज ऐकून साच्याचा बिघाड सांगत. पण गिरण्या बंद पडल्या, साचे भंगारात गेले, आणि तोच विणकर रखवालदाराची काठी घेऊन दारात उभा राहिला. कुणी भाजीची टोपली उचलली, कुणी गाव गाठलं. हुन्नर हातात तसाच राहिला. गेलं ते हत्यार. म्हणून आम्ही म्हणतो, नुसत्या शिकवण्यानं काम निर्माण होत नाही.

शिक्षण नको असं आम्ही म्हणत नाही. आयटीआयमध्ये शिकून फिटर, टर्नर, वायरमन झालेली आमचीच पोरं आहेत. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, तेही बरं झालं. पण त्या कायद्यानं शिकाऊ पोरगा कामगार धरला नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला कायम घेण्याची सक्तीही मालकावर ठेवली नाही. मग काही ठिकाणी काय चालतं? एक तुकडी गेली, दुसरी आली. काम तेच, यंत्र तेच, फक्त पगाराच्या जागी विद्यावेतन. याला शिक्षण म्हणायचं की स्वस्त मजुरी?

आता धंद्याचं बोलू. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया आठवा. बायकापोरं कोकणात नि घाटावर ठेवून आलेल्या कामगाराला त्यांनी जेवू घातलं. रांधायचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. घोडं अडलं होतं भांडवलापाशी. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, डाग गहाण. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकमेकींच्या भरवशावर बायांनी कर्ज घेतलं. तेव्हा कुठं सावकाराचा फास सैल झाला. पुढं १९८२ च्या संपात जेवणाऱ्यांचाच पगार थांबला, तेव्हा झळ खानावळींनाही लागली. यातून शिकायचं ते हेच, की छोटा धंदा दुसऱ्या कुणाच्या तरी पगारावर चालतो. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा असेल तर दुकान टाकून माशा मारायच्या काय?

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२३ साली आलेल्या विश्वकर्मा योजनेत पाच-सात दिवसांचं शिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांना १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज, असं ठरवलं. शिक्षण, हत्यार, भांडवल, हा क्रम बरोबर आहे, आणि बऱ्याला बरं म्हणायला आम्ही कचरत नाही. पण योजनेच्या १८ धंद्यांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत. यंत्रमागावर उभा राहणारा विणकर नाही! इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ज्याच्या पायावर उभी राहिली, तो यादीबाहेर!

आमच्या मागण्या अशा :

एक, शिक्षण फळ्यावर नको, चालत्या यंत्रावर द्या. आणि ते मराठीत द्या. पुस्तिका इंग्रजीत आणि बोट पट्ट्यात, हे आता पुरे झालं.

दोन, जो शिकाऊ उमेदवार कामगाराइतकं काम करतो त्याला कामगाराइतका पगार द्या, आणि जागा निघेल तेव्हा पहिला हक्क त्याचा.

तीन, सर्टिफिकेटाबरोबर हत्यार द्या, आणि तारणाशिवाय कर्ज द्या. विणकराचं नाव यादीत घाला.

चार, शाळांचे गणवेश, इस्पितळांच्या चादरी सरकार विकत घेतंच. ती मागणी कामगारांच्या सहकारी संस्थांना द्या. मग बघा, धंदा चालतो की नाही!

हे सगळं कुणी ताटात वाढून देणार नाही. म्हणून या पानाची घडी घालून खिशात ठेवू नका. पाळी सुटल्यावर चाळीत वाचून दाखवा. ज्या पोराच्या हातात सर्टिफिकेट आहे आणि काम नाही, त्याला युनियनच्या सभेला घेऊन या.

हाताला हुन्नर, हुन्नराला हत्यार, हत्याराला काम! तिन्ही मिळाल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही.