प्रक्षेपण म्हणजे अध्यापन नव्हे

शिक्षणातील विषमतेवर तंत्रज्ञानाचा उतारा सापडला आहे, असे गेली काही वर्षे आपणास सांगितले जात आहे. नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान खेड्यातील मुलाच्या फोनवर पोचले की ज्ञानाचे लोकशाहीकरण झाले, असा हा सुटसुटीत सिद्धांत आहे. केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू केले ते याच भूमिकेतून. त्याआधी, २०१६ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली होती. २०२१ साली ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. पदवीशिक्षणाचा दोन-पंचमांश भाग वर्गाबाहेर जाऊ शकेल, इतका हा मोठा निर्णय आहे. त्याची व्हावी तेवढी चर्चा मात्र झाली नाही.

अनुभव काय सांगतो? २०११ साली स्टॅनफर्डच्या एका अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली, तेव्हा शिक्षणातील क्रांतीचे नगारे वाजले. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील अभ्यासक्रमांची पाहणी ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झाली. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ साली तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते, आणि विद्यार्थी प्रामुख्याने संपन्न देशांतील होते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ साली हा प्रयोग आपल्या कमकुवत विद्यार्थ्यांवर केला. वर्गातील मुलांच्या तुलनेत त्यांचा निकाल इतका खालावला की प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारला खरा. परंतु त्या सत्रातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते! ज्याला शिकता येते त्याला हे माध्यम आणखी शिकविते. ज्याला शिकविण्याची गरज आहे त्याला ते वाऱ्यावर सोडते. या अभ्यासक्रमांचे इंग्रजी लघुनाम देवनागरीत लिहिले तर ‘मूक’ असे होते. ते अगदीच अनाठायी नाही.

याचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहज समजावे. व्याख्यान एकदा मुद्रित झाले की दहा लाखाव्या श्रोत्यापर्यंत ते नेण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. परंतु स्वस्तात वाढविता येते ते व्याख्यान, अध्यापन नव्हे. मागणीचा वक्र उजवीकडे खाली का उतरतो हे न समजलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरील गोंधळ ओळखणे, तिला भाताच्या वा दुधाच्या दराचे उदाहरण देणे, तिच्या वहीतील चूक दाखविणे, दोन दिवस आली नाही तर चौकशी करणे. या श्रमाला यंत्राने पर्याय दिलेला नाही. खर्च वाचतो तो नेमका याच श्रमाचा. मग ही काटकसर कोणाच्या जिवावर केली जाते, हे विचारावयास नको काय?

मुळशी तालुका या प्रश्नाचा आरसा आहे. १९२१ साली येथील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि त्यातूनच बापट ‘सेनापती’ झाले. धरण झालेच. जमिनी पाण्याखाली गेल्या, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि वीज मुंबईला गेली. विकास कोणाचा आणि त्याग कोणाचा, हा प्रश्न या मातीने शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. आज याच तालुक्यात पूर्वेला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे, लवळ्याच्या टेकड्यांवर खाजगी विद्यापीठे आहेत, आणि पश्चिमेला ताम्हिणीपर्यंत विखुरलेल्या वाड्या आहेत. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते आपल्या मुलांसाठी ग्रंथालय, वसतिगृह आणि समोर उभा असलेला शिक्षक विकत घेतात. ते पडद्यावर समाधान मानीत नाहीत. पडदा पुरेसा आहे असे सांगितले जाते ते फक्त वाडीवरच्या मुलीला. घरातील एकुलत्या फोनवर तिच्या भावाचाही हक्क असतो आणि समोरचे व्याख्यान बहुधा इंग्रजीत असते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे वरून खाली विद्या झिरपण्याच्या सिद्धांतावर आघात केला होता. आजचा सिद्धांत तोच आहे. फक्त झिरपण्याच्या जागी प्रक्षेपण आले आहे.

या माध्यमाचा काहीच उपयोग नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. आयआयटींची व्याख्याने उत्तम आहेत, आणि एखाद्या आडगावच्या जिज्ञासू शिक्षकाला ती वरदान वाटली तर नवल नाही. शुल्क भरून निश्चयाने बसणाऱ्यांपैकी ४६ टक्के जणांनी अभ्यासक्रम पुरा केला, असेही तीच पाहणी सांगते. दूरशिक्षण गरिबांचे होऊ शकते, हे तर महाराष्ट्राने स्वतः दाखविले आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने राम ताकवल्यांच्या नेतृत्वाखाली मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार केली. पण केवळ पुस्तके पाठवून ते थांबले नाही. अभ्यासकेंद्रे काढली आणि तेथे समंत्रक नेमले. दूर असलेल्यालाही जवळचा माणूस लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. ज्या महाविद्यालयात त्या विषयाचा कायम प्राध्यापक नाही, तेथे पडद्यावरील अभ्यासक्रमाचे श्रेयांक मान्य होऊ नयेत. अन्यथा रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील तुटपुंजे मानधन यांवर पांघरूण घालण्याचे ते साधन होईल. प्रत्येक अभ्यासक्रमामागे मराठी साहित्य आणि आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेटणारा मार्गदर्शक असावा. व्याख्यान फुकट आणि प्रमाणपत्रासाठी परीक्षा-शुल्क, हा प्रकार गरीब विद्यार्थ्यांपुरता तरी बंद व्हावा. आणि सरकारने नोंदणीचे आकडे मिरविण्याऐवजी किती जणांनी शिक्षण पुरे केले, त्यांत खेड्यांतील मुली किती, हे दरवर्षी विषयवार जाहीर करावे. शिक्षकाचा पगार हा वाचविण्याजोगा खर्च नव्हे. समाज आपल्या सर्वांत दुबळ्या मुलासाठी काय करावयास तयार आहे, याचे ते माप आहे.