पायली म्हणजे नेमके किती किलो?

१/६
जुन्या दप्तरात धान्याचा आकडा दिसताच ‘एक पायली म्हणजे इतके किलो’ असे ठरवून मोकळे होण्याची सवय रूढ होत आहे. ही सोय इतिहासाच्या मुळावर येणारी आहे.

२/६
दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ही आकारमानाची मापे होत. पायलीभर भात आणि कांडून काढलेला पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे कसे भरेल?

३/६
घोटाळा ‘शेर’ या शब्दाने वाढतो. वजनाचा ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याची चौपट करून मापाची पायली ३.७३ किलोची ठरवली जाते. नाव एक, शेर मात्र दोन!

४/६
शिवाय पायली सर्वत्र सारखी नव्हती. माप शिगेचे की सपाट, यावरही धान्य कमी-अधिक होई. ही संदिग्धता माप ज्याच्या हाती, त्याच्या पथ्यावर पडे.

५/६
म्हणूनच १९५६ चा वजनमापांचा कायदा केवळ तांत्रिक बदल नव्हता. किलो आणि लिटर यांनी मापणाऱ्याच्या मर्जीला लगाम घातला.

६/६
परंतु ती एकरूपता मागील शतकांवर लादता येत नाही. अभ्यासकाने गाव, धान्य आणि मापण्याची रीत आधी नोंदवावी. पायली पायली म्हणूनच लिहावी आणि लिटरचा अंदाज कंसात द्यावा. अन्यथा कुळाने प्रत्यक्षात किती धान्य भरले, हा प्रश्नच पुसला जातो.