ड्रोनचा रिमोट कुणाच्या हातात?

वाळवा, कऱ्हाड भागात उसावर ड्रोनने फवारणी आता नवलाची राहिलेली नाही. बांधावरचा मुलगा शेताची हद्द आखून देतो, बटण दाबतो आणि ड्रोन आपला आपण ये-जा करत औषध मारतो. रिमोट असतो, पण बराच वेळ नुसता हातात. लष्करी ड्रोनवरून जगात जो वाद चाललाय, तो याच रिमोटचा आहे. तिथे टाकीत औषध नसतं, स्फोटकं असतात.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या कंपनीने बनवलेलं 'नागास्त्र-१' जून २०२४ मध्ये लष्कराला मिळालं. ४८० ची ऑर्डर, पहिल्या खेपेला १२०. वजन साधारण ९ किलो, सोबत एक किलो स्फोटक. माणसाच्या नियंत्रणात पल्ला १५ किलोमीटर, स्वयंचलित पद्धतीने ३० किलोमीटर. म्हणजे नियंत्रण सोडलं की पल्ला दुप्पट! लक्ष्य सापडलं नाही किंवा हल्ला रद्द केला, तर ते पॅराशूटने परत उतरवता येतं. मला यातली हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते.

मग स्वायत्तता हवीच कशाला? कारण रेडिओ सिग्नल तोडता येतो. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजू जॅमिंग करतात, म्हणून काही ड्रोन तर कित्येक किलोमीटर बारीक फायबरची तार मागे सोडत उडतात. दुसरा उपाय म्हणजे शेवटचा टप्पा यंत्रावरच सोपवणं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या सातारा जिल्ह्यात कुणी म्हणेल, आपला जवान वाचतो ना, मग झालं. ते खोटं नाही. पण ठरलेल्या जागी स्वतः उडत जाणं वेगळं आणि मारायचं कुणाला हे स्वतः ठरवणं वेगळं. बातम्यांत दोन्हीला 'स्वायत्त' म्हणतात, तिथेच घोळ होतो.

उर्दूत स्वायत्तला 'खुदमुख्तार' म्हणतात. मराठीत आपण मुखत्यारपत्र करतो, ते याच घराण्यातलं. मुखत्याराने जमिनीचा व्यवहार केला, तर तो देणाऱ्यावर बंधनकारक असतो. यंत्राला मुखत्यार केलं, तर बांधील कोण? अधिकारी, कंपनी की प्रोग्राम लिहिणारा?

माणूस असला की चूक होत नाही, असंही नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने दहा निरपराध मारले, त्यात सात मुलं. पडद्यासमोर माणसंच बसली होती. अमेरिकेने चूक कबूल केली, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. माणूस असताना ही गत, मग यंत्राच्या बाबतीत विचारायचं कुणाला?

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत स्वायत्त शस्त्रांबद्दल चिंता मांडणारा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. विरोधात रशिया, बेलारूस, माली आणि भारत. हा विषय जिनिव्हातल्या शस्त्रास्त्र कराराच्या चौकटीतच हाताळावा, ही भारताची भूमिका. तिथे तज्ज्ञ असतात, लष्करी देशही असतात, त्यामुळे मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तिथे एकमताशिवाय काही ठरत नाही आणि बोलणी २०१४ पासून चालू आहेत. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं बारावीला पोचली.